स्तनकर्करोग, खंडिकाजन्य

स्तनातील दूध निर्माण करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथिसमूहांना खंडिका म्हणतात. या खंडिकांच्या अस्तरातील कोशिकांपासून (पेशींपासून) उद्भवणाऱ्या मारक अर्बुदाला (शेजारच्या ऊतकांत शिरणाऱ्या व शरीरात दूरवर पसरणाऱ्या नववृद्धीला) खंडिकाजन्य स्तनकर्करोग असे म्हणतात. दूध स्तनाग्राकडे वाहून नेणाऱ्या नलिकांशी संबंधित असलेल्या वाहिनीजन्य प्रकाराच्या खालोखाल हाच प्रकार अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या आक्रमक कर्करोगांपैकी सुमारे १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. भारतातील रुग्णालयीन नोंदींत त्याचे प्रमाण सामान्यतः याहून कमी आढळते. पुरुषांच्या स्तनांत खंडिका बहुधा तयारच होत नसल्यामुळे त्यांच्यात हा प्रकार अत्यंत विरळा असतो.

वरील व्याख्या पाठ्यपुस्तकांतून रूढ असून सोयीचीही आहे. तथापि या रोगाच्या आकलनाचा इतिहास पाहिला, तर तिच्यातील दोन गोष्टी टिकत नाहीत असे दिसून येते. ‘अर्बुद’ या शब्दाने सुचविली जाणारी गाठ या रोगात पुष्कळदा नसतेच. आणि हा प्रकार खंडिकेत व दुसरा वाहिनीत उद्भवतो, ही नावामागील मूळ समजूतही पुढे मागे पडली. नाव राहिले व त्याचा अर्थ बदलला. हा बदल केवळ विकृतिविज्ञानाच्या (रोगामुळे ऊतकांत होणाऱ्या बदलांच्या शास्त्राच्या) अभ्यासकांपुरता महत्त्वाचा नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत स्तनाचा कर्करोग प्रथम ओळखला जातो तो हाताला लागलेल्या गाठीवरून, यंत्रावरून नव्हे. मुंबईच्या वस्त्यांत जसे हे घडते तसेच नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावीही घडते. हाताला गाठ न लागणारा कर्करोग असतो, हे माहीत असणे म्हणूनच दोन्हीकडे सारखेच आवश्यक ठरते.

रचना : प्रत्येक स्तनात साधारणपणे १५ ते २० खंड असून प्रत्येक खंडात अनेक खंडिका असतात. खंडिका म्हणजे द्राक्षांच्या घडासारखा लहान कोष्ठिकांचा समूह होय. कोष्ठिकांच्या आतील अस्तराच्या कोशिका दूध स्रवतात व बाहेरून वेढणाऱ्या आकुंचनशील कोशिका ते पुढे ढकलतात. खंडिकेतून निघणारी बारीक वाहिनी मोठ्या वाहिन्यांना मिळते व त्या स्तनाग्रापाशी उघडतात. या सर्वांना आधार देणारे तंतुमय ऊतक व मेद यांचे प्रमाण वयाप्रमाणे बदलते. खंडिकांची वाढ वयात येताना सुरू होत असली, तरी त्यांना पूर्ण परिपक्वता येते ती पहिले गर्भारपण पूर्ण झाल्यावर व स्तन्यपानाच्या काळात. ऋतुनिवृत्तीनंतर त्या आक्रसतात. स्त्रीमदजन व प्रगर्भरक्षी या अंडकोशाच्या हॉर्मोनांच्या (रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांच्या) अंमलाखाली हे सर्व फेरबदल घडतात. या गोष्टीचे महत्त्व वैद्यकाला बरेच उशिरा कळले.

प्राचीन कल्पना : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचा विचार स्वतंत्रपणे केलेला असून त्यापुढील अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांची लक्षणे दिलेली आहेत. अर्बुद हे वाटोळे, स्थिर, मोठे, मंद वेदना असणारे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते, हे तेथील वर्णन आजच्या वाचकालाही पटावे असे आहे. कुमारिकांच्या स्तनांतील वाहिन्यांची मुखे मिटलेली असल्याने त्यांना स्तनरोग होत नाहीत व गर्भिणी आणि प्रसूता यांच्यात ती उघडलेली असल्याने होतात, असाही विचार त्या ग्रंथात आढळतो. त्यात अभिप्रेत असलेला रोग बहुधा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचा स्तनशोथ (स्तनाची दाहयुक्त सूज) असावा. ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील लेखनात खेकडा या अर्थाचा शब्द या रोगाला वापरलेला असून गेलेन यांनी स्तनावरील फुगलेल्या नीलांची तुलना खेकड्याच्या पायांशी केली. मराठीतील ‘कर्करोग’ हा शब्द त्याच कल्पनेवरून आलेला आहे. काळ्या पित्ताच्या आधिक्याने हा रोग होतो, हे गेलेन यांचे मत यूरोपात दीड हजार वर्षे मान्य होते. त्यामुळे स्तनाच्या आतील रचनेकडे पाहण्याची निकड कोणालाच भासली नाही.

वेगळ्या दिशेने पहिला महत्त्वाचा विचार आला तो इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांच्याकडून. निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर लिहिताना अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी असे नमूद केले की, मठांतील जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. कारण त्यांना सांगता आले नाही, पण ज्यांनी कधी मूल पाजले नाही अशा स्तनांशी या रोगाचा संबंध त्यांनी जोडून दाखविला. सुश्रुतातील मताच्या हे नेमके उलट होते. इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी १९२६ मध्ये ५०० रोगी स्त्रिया व ५०० रोग नसलेल्या स्त्रिया यांची पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली. उशिरा विवाह, कमी अपत्ये व स्तन्यपानाचा अभाव यांचा रोगाशी असलेला संबंध तिच्यातून आकड्यांनिशी पुढे आला. रोगी व निरोगी यांची अशी तुलना करण्याची पद्धत नंतर सर्व वैद्यकात रूढ झाली.

शारीर व सूक्ष्मदर्शक : खंडिका प्रत्यक्ष डोळ्यांपुढे आणण्याचे श्रेय इंग्रज शस्त्रक्रियाविशारद सर ॲस्टली कूपर यांना द्यावे लागेल. मृत स्त्रियांच्या स्तनाग्रांतून वाहिन्यांमध्ये रंगीत मेण भरून त्यांनी ग्रंथीचे साचे तयार केले व १८४० मध्ये स्तनाच्या शारीरावरील आपला चित्रमय ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १८३८ मध्ये, जर्मनीत योहानेस म्यूलर यांनी अर्बुदेही कोशिकांचीच बनलेली असतात हे सूक्ष्मदर्शकाने दाखविले. काळ्या पित्ताची कल्पना येथे संपली. तथापि शस्त्रक्रियेने वेगळीच वाट धरली. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला व स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी एकत्रित काढून टाकण्याची पद्धत पाऊण शतक सर्वत्र प्रमाण मानली गेली. अर्बुद कोणत्या प्रकारचे आहे, याला तीत काहीच महत्त्व नव्हते.

याच काळातील एक शोध खंडिकाजन्य प्रकाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरला. ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी दूध येण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. व्यालेल्या गाईचे अंडकोश काढल्यास ती अधिक काळ दूध देत राहते, असा काही देशांतील शेतकऱ्यांचा अनुभव त्यांना कळला होता. स्तनाचा ताबा दूरच्या दुसऱ्याच एका इंद्रियाकडे असावा, असे त्यावरून त्यांच्या मनात आले. स्तनाचा कर्करोग पुन्हा उद्भवलेल्या स्त्रियांचे अंडकोश त्यांनी काढले आणि अर्बुद मागे हटल्याचा अनुभव १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. हॉर्मोन हा शब्दही तेव्हा प्रचारात आलेला नव्हता. गोठ्यातील एका निरीक्षणावरून कर्करोगाच्या हॉर्मोन चिकित्सेचा पाया घातला गेला, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात विशेषच म्हणावी लागेल.

नामकरण : खंडिकेतील कर्करोगाला स्वतंत्र नाव मिळाले ते १९४१ मध्ये. न्यूयॉर्क येथील मेमोरियल हॉस्पिटलमधील विकृतिविज्ञ फ्रँक फुट व फ्रेड स्ट्यूअर्ट यांना काही स्तनांच्या छेदांत खंडिका लहान, एकसारख्या व एकमेकींना धरून न राहणाऱ्या कोशिकांनी गच्च भरलेल्या आढळल्या. या कोशिका खंडिकेची मर्यादा ओलांडून बाहेर गेलेल्या नव्हत्या. या अवस्थेला त्यांनी ‘खंडिकाजन्य स्वस्थानी कर्करोग’ असे नाव दिले व ती विरळ आहे असे नमूद केले. पुढे १९४६ मध्ये त्यांनीच आक्रमक प्रकाराचे वर्णन केले. यातील कोशिका पुंजके करीत नाहीत. तंतुमय ऊतकातून त्या एकामागे एक अशा मुंग्यांच्या रांगेसारख्या पुढे सरकतात व कधी निरोगी वाहिनीभोवती वर्तुळाकार पसरतात. इंग्रजी ग्रंथांतून या मांडणीला बराच काळ ‘इंडियन फाइल’ म्हणत असत. त्यातील इंडियन म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी होत, भारतीयांशी त्याचा संबंध नाही.

नवे नाव मिळाले आणि त्याबरोबर एक अडचणही आली. खंडिकेतच मर्यादित असलेल्या अवस्थेचे पुढे काय होते हे माहीत नसल्याने आणि ती एकाच स्तनात अनेक ठिकाणी आढळत असल्याने फुट व स्ट्यूअर्ट यांनी संपूर्ण स्तन काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. तो अनेक वर्षे पाळला गेला. न्यूयॉर्कमधील शस्त्रक्रियाविशारद कुशमन हागेन्सेन व त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रिया न करता अनेक वर्षे केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या स्त्रियांचा वृत्तांत १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी बहुतेकींना आक्रमक कर्करोग झाला नाही. ज्यांना झाला त्यांना तो दोहोंपैकी कोणत्याही स्तनात झाला. म्हणजे ही अवस्था कर्करोगाची पहिली पायरी असण्यापेक्षा वाढत्या धोक्याची खूण अधिक होती. हागेन्सेन यांनी ‘कर्करोग’ हा शब्दच टाळून तिला ‘खंडिकीय नववृद्धी’ म्हटले. अमेरिकेतील कर्करोगाच्या टप्पेवारीच्या आठव्या आवृत्तीत तिला कर्करोगाच्या यादीतून वगळण्यात आले. एका शब्दामुळे साडेतीन दशके किती स्तन विनाकारण काढले गेले असतील, याचा हिशेब कोठेही नाही. नंतरच्या संशोधनाने अवस्था व आक्रमक रोग यांच्यातील नाते हागेन्सेन समजत होते त्यापेक्षा जवळचे असल्याचे दाखविले आहे. तथापि स्तन सरसकट काढण्याची प्रथा पुन्हा आलेली नाही.

उगमासंबंधीची समजूत मोडली तीही याच दशकात. अमेरिकेतील वेलिंग्ज, जेन्सन व त्यांचे सहकारी यांनी संपूर्ण स्तनांचे पातळ काप सलगपणे तपासून १९७५ मध्ये असे दाखविले की, वाहिनीजन्य व खंडिकाजन्य असे दोन्ही प्रकार बहुतांशी एकाच जागी, म्हणजे खंडिका व तिला जोडलेली शेवटची बारीक वाहिनी यांच्या एककात उद्भवतात. मोठ्या वाहिन्यांत उगम पावणारे कर्करोग थोडे असतात. दूध निर्माण करणाऱ्या भागात सुरू होणारा एवढ्याच लक्षणावरून खंडिकाजन्य प्रकार वेगळा काढायचा, तर जवळजवळ सर्वच स्तनकर्करोग खंडिकाजन्य ठरतील. मग कोशिकांच्या वागणुकीतील एवढा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न उरला.

आसंजनाचा लोप : या प्रश्नाचे उत्तर जपानमधून व नंतर बेल्जियममधून आले. क्योटो येथील मासातोशी ताकेइची यांनी कोशिकांना एकमेकींशी जखडून ठेवणारी व त्यासाठी कॅल्शियमाची आवश्यकता असणारी प्रथिने शोधून काढली व १९८४ मध्ये त्यांना ‘कॅढेरीन’ असे नाव दिले. त्यांपैकी ई-कॅढेरीन हे प्रथिन अस्तराच्या कोशिकांच्या कडांवर असते. भिंतीतील विटांमध्ये चुन्याचे जे काम तेच त्याचे काम होय. खंडिकाजन्य कर्करोगाच्या कोशिकांत हे प्रथिन बहुधा नसते, असे १९९० नंतर आढळून आले. १९९५ मध्ये घेंट येथील संशोधकांनी त्याचे कारण दाखवून दिले. सोळाव्या गुणसूत्रावरील (आनुवंशिक घटक वाहून नेणाऱ्या सूत्रावरील) ई-कॅढेरिनाचा जीनच या कोशिकांत बिघडलेला असतो. कोशिका एकमेकींना सोडून देतात म्हणून पुंजका होत नाही. त्या सुट्या सुट्या चालू लागतात म्हणून रांग होते. फुट व स्ट्यूअर्ट यांना सूक्ष्मदर्शकात दिसलेल्या चित्राचा अर्थ अशा रीतीने सुमारे अर्ध्या शतकानंतर लागला. ई-कॅढेरिनासाठी छेद रंगविण्याची परीक्षा आज निदानाच्या वेळी शंका असल्यास केली जाते.

हाच जीन जन्मतः सदोष असणारी काही कुटुंबे आहेत. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण वयात जठराचा पसरट कर्करोग होत असे. त्याचे मूळ या जिनात असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. अशा कुटुंबांतील स्त्रियांना खंडिकाजन्य स्तनकर्करोगाचाही धोका अधिक असतो. अशी कुटुंबे थोडीच असून बहुसंख्य रुग्णांत जिनातील बिघाड आयुष्यात नंतर व केवळ स्तनाच्या कोशिकांत झालेला असतो.

लक्षणे व निदान : कोशिका विखरून वाढत असल्याने स्तनात टणक, कडा स्पष्ट असलेली गाठ न होता एखादा भाग नुसताच जाड किंवा भरीव लागतो. कधी स्तनाग्र आत ओढले जाते, कधी त्वचेला खळगा पडतो. तर कधी एक स्तन हळूहळू दुसऱ्यापेक्षा लहान व घट्ट होत जातो. आकार कमी होणे हे कर्करोगाचे लक्षण असू शकते, ही गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या इतकी विरुद्ध आहे की, रुग्ण व कधी कधी वैद्यही तिकडे दुर्लक्ष करतात. वेदना बहुधा नसतात. क्ष-किरण चित्रणातही (मॅमोग्राफीत) हा रोग इतर प्रकारांपेक्षा अधिक वेळा निसटतो, कारण चुन्याचे सूक्ष्म कण यात क्वचितच साठतात व घनतेतील फरक थोडा असतो. श्राव्यातीत ध्वनीच्या (सोनोग्राफीच्या) व चुंबकीय अनुस्पंदनाच्या (एमआरआयच्या) साहाय्याने त्याची व्याप्ती अधिक चांगली कळते. संशयित भागाचा बारीक तुकडा सुईने काढून केलेली जीवोतक परीक्षा (बायॉप्सी) हाच निर्णायक पुरावा होय.

पसरण्याची तऱ्हाही निराळी असते. हाडे व यकृत यांखेरीज उदराचे अस्तर, जठर, आतडी, अंडकोश व मेंदूची आवरणे यांतही या कोशिका जातात. स्तनावरील उपचारानंतर अनेक वर्षांनी पोट फुगणे किंवा भूक मंदावणे एवढ्याच तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीत जठराचा नवा कर्करोग झाल्याचे निदान चुकीने होऊ शकते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवणे अशा वेळी औषधाइतकेच उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील अभ्यास : ज्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये या रोगाला नाव मिळाले त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. भारतीयांना कर्करोग क्वचितच होतो, असा समज तेव्हा परदेशी ग्रंथांतून प्रचलित होता. रुग्णालयातील नोंदींच्या आधारे खानोलकरांनी १९४५ मध्ये हा समज खोडून काढला आणि कोणत्या समाजाला कोणत्या इंद्रियाचा कर्करोग अधिक होतो, हे राहणीच्या सवयींशी ताडून पाहण्याची दिशा दाखविली. भारतातील विकृतिविज्ञानाचे ते एक प्रवर्तक मानले जातात.

रुग्णालयात कोण येते यावरून लोकांत रोग किती आहे हे कळत नाही. दाराब जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सर्व लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. अशा प्रकारची ती भारतातील पहिली होय. जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाज व मुंबईची एकूण लोकसंख्या यांच्यातील फरक मांडला. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुष्कळ अधिक, तर गर्भाशय ग्रीवेचा (गर्भाशयाच्या मानेचा) फारच कमी होता. उशिरा होणारे विवाह, अविवाहित स्त्रियांचे मोठे प्रमाण व थोडी अपत्ये ही त्या समाजाची वैशिष्ट्ये होत. मठांतील जोगिणींविषयी रामात्सीनी यांनी जे पाहिले होते, त्याचाच प्रत्यय मुंबईत अशा रीतीने आला. पुढे शहरातील इतर समाजांतही विवाह लांबले, अपत्ये कमी झाली व मुंबईच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पहिल्या स्थानी आला. खंडिकाजन्य प्रकाराचा हॉर्मोनांशी असलेला संबंध तर आणखी दृढ आहे. अमेरिकेत ऋतुनिवृत्तीनंतर हॉर्मोने देण्याची पद्धत फैलावली त्या काळात, १९८७ ते १९९९ च्या दरम्यान, वाहिनीजन्य प्रकार जवळजवळ स्थिर असताना खंडिकाजन्य प्रकार मात्र वाढत गेला. भारतात अशी हॉर्मोने घेणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत व येथील रुग्णांचे सरासरी वयही कमी असते. येथे या प्रकाराचे प्रमाण कमी दिसण्यामागे ही दोन कारणे असू शकतील.

ग्रामीण भागाचे चित्र प्रथम दिसले ते बार्शीमुळे. सोलापूर जिल्ह्यातील या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय असून १९८७ मध्ये तेथे बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठी नोंदणी सुरू झाली. यांपैकी परांडा व भूम हे मराठवाड्यातील तालुके होत. शहरात रुग्ण दवाखान्यात येतात व तेथील कागदांवरून नोंद होते. खेड्यात रुग्ण येतच नसत. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना लक्षणे समजावून सांगितली, संशयितांना रुग्णालयात आणले व त्यातून नोंदवही तयार केली. रोग मोजण्याचे साधनच त्यामुळे रोग लवकर उघडकीस आणण्याचे साधन ठरले. गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात दिसते. आरंभीच्या वर्षांत तेथील स्त्रियांत ग्रीवेचाच कर्करोग पहिल्या स्थानी होता.

हाताने केलेल्या तपासणीचा उपयोग किती, याची सर्वांत मोठी कसोटी मुंबईतच लागली. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शहरातील २० वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. एकूण मृत्यूंत सुमारे १५ टक्के घट दिसली. ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्रावाचूनही बरेच साधता येते, असा या अभ्यासाचा अर्थ आहे. अर्थात खंडिकाजन्य प्रकारापुरते पाहता, हात केवळ गाठ शोधीत राहिला तर तो चुकणारच. दोन्ही स्तनांची तुलना, जाडसर भाग व आत गेलेले स्तनाग्र यांकडे लक्ष देण्याची सवय आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणात असावी लागते.

मराठवाड्याची स्थिती : इस्लापूर हे पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरातील, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील गाव होय. या भागात गोंड, कोलाम, आंध इ. आदिवासींची वस्ती बरीच आहे. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ किनवट व राजुरा या तालुक्यांबरोबर मुंबई राज्यात आले. राजधानी बदलली, तसे शासकीय उपचारांचे ठिकाणही बदलले. हैदराबादेत कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय १९५५ मध्ये, म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी निघाले होते. नव्या राज्याचे कर्करोग रुग्णालय परळला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला होते. मराठवाड्यात औरंगाबाद येथे १९५६ मध्ये, नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली. शासकीय कर्करोग रुग्णालय औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे २०१२ मध्ये सुरू झाले. रस्त्याने व रेल्वेने आदिलाबाद आजही जवळ आहे. तेव्हा या पट्ट्यातील रुग्ण राज्याची सीमा पाहून दवाखाना निवडीत असतील असे मानण्याचे कारण नाही. त्यामुळे एकाच स्त्रीचे कागद दोन राज्यांत विभागले जाण्याचा संभव असतो. पुढील अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागणाऱ्या या रोगात ही अडचण लहान नाही.

केंद्र शासनाच्या २०१६ मधील मार्गदर्शक चौकटीनुसार ३० वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी प्राथमिक आरोग्य व्यवस्थेतून व्हावयाची असते. संशय आल्यास रुग्ण पुढे पाठविला जातो. खंडिकाजन्य प्रकारात याच टप्प्यावर वेळ जातो. गाठ नाही, दुखत नाही, मग पन्नास कोसांवर कशाला जावयाचे, असा प्रश्न घरात विचारला जातो व तो अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. मात्र सुईने काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून कोणत्याही शहरातील विकृतिविज्ञाकडे धाडता येतो. प्रवास ऊतकाने करावा व रुग्णाने निदान होईपर्यंत गावीच थांबावे, ही व्यवस्था जिल्हा पातळीवर अशक्य नाही.

उपचार : हॉल्स्टेड यांच्या व्यापक शस्त्रक्रियेची मक्तेदारी १९७० नंतर अमेरिकेत बर्नार्ड फिशर व इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या तौलनिक चाचण्यांनी संपविली. गाठ व तिच्या कडा काढून उरलेल्या स्तनावर प्रारण चिकित्सा (किरणोपचार) केल्यासही रुग्ण तितकीच वर्षे जगतात, असे त्यांनी दाखविले. खंडिकाजन्य प्रकारातही स्तन वाचविता येतो. परंतु रोगाची कड हाताला व डोळ्यांना नीट कळत नसल्याने दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव अधिक असतो. कोशिकांची वाढ बहुधा संथ असल्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या रासायनी चिकित्सेला हा प्रकार वाहिनीजन्य प्रकाराइतका प्रतिसाद देत नाही.

याउलट स्त्रीमदजनाला प्रतिसाद देणारे ग्राही या कोशिकांत जवळजवळ नेहमीच असतात. हे ग्राही अमेरिकेतील एल्वुड जेन्सन यांनी १९५८ पासूनच्या संशोधनातून उघडकीस आणले. इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये तयार झालेल्या टॅमॉक्सिफेन या औषधाचा स्तनकर्करोगावरील उपयोग मँचेस्टर येथील चाचणीतून १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. ते ग्राहींना अडवून धरते. बीटसन यांनी शस्त्राने जे साधले ते आता गोळीने साधता येते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजनाची निर्मितीच थांबविणारी औषधेही उपलब्ध आहेत. ही चिकित्सा साधारणपणे ५ ते १० वर्षे रोज घ्यावयाची असते व ती घरी राहून घेता येते, त्यामुळे दूरच्या गावातील रुग्णाला ती विशेष सोयीची आहे. मात्र शस्त्रक्रियेची जखम भरून वर्ष-दोन वर्षे झाली की गोळी सुटते, आणि हा रोग तर दहा-पंधरा वर्षांनंतरही उलटू शकतो. म्हणून औषध नियमित चालू आहे की नाही याची विचारणा करणारे जवळचे आरोग्य केंद्र व रुग्णाच्या हाती पहिल्या जीवोतक परीक्षेचा अहवाल या दोन गोष्टींना शस्त्रक्रियेनंतरच्या काळात विशेष महत्त्व असते.